आंबागडचे ऊन : सौर प्रारणाच्या नोंदी आणि त्यांची पाठपरंपरा

१

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या एका फाट्यावर आंबागडचा किल्ला उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह ह्याचा सुभेदार राजाखान पठाण ह्याने इ. स. १७०० च्या सुमारास तो बांधला; पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलात त्याचा उपयोग बंदिवान ठेवण्यासाठी झाला. तथापि ह्या किल्ल्याचा राजकीय इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. विषय आहे तो ह्या किल्ल्यावर पडणाऱ्या उन्हाचा. अधिक नेमके बोलावयाचे तर त्या उन्हाच्या आकड्यांचा.

आज गडाच्या पायथ्याच्या एखाद्या शेतकऱ्याला उन्हाळी धानासाठी सौर पंप बसवावयाचा झाला, तर त्याचे गणित करणारा अभियंता संगणकापुढे बसतो, गावाचे अक्षांश-रेखांश घालतो आणि संगणक त्याला वर्षाच्या प्रत्येक तासाची एक ओळ, अशा ८,७६० ओळी देतो. प्रत्येक ओळीत सूर्याचे प्रारण, हवेचे तपमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग हे सर्व असते. ह्या ओळींच्या आधारे पंप, विद्युत्पट व पाण्याची टाकी ह्यांचे वर्षभराचे वर्तन संगणकात घडवून पाहिले जाते. इंग्रजीत ज्याला सिम्युलेशन म्हणतात त्यास येथे 'प्रतिरूपण' म्हटले आहे. ओळी वाचणाऱ्यास असा भास होतो की, गडाच्या बुरुजावर कोणीतरी वर्षभर यंत्र घेऊन बसले होते आणि तासातासाला आकडा लिहीत होते. वस्तुतः तसे काहीही घडलेले नसते. मग हे आकडे आले कोठून? ते कोणी लिहिले, कोणी उतरविले, आणि उतरविताना त्यांत कोणी भर घातली?

हे प्रश्न भौतिकीच्या अभ्यासकाला कदाचित दुय्यम वाटतील. भाषेच्या अभ्यासकाला ते नवे नाहीत. एखाद्या प्राचीन ग्रंथाची पोथी हाती आली की आपण हेच विचारतो: मूळ कोणते, प्रत कोणती, प्रक्षेप कोणता? प्रस्तुत लेखकाच्या मते हवामानाच्या तक्त्यांनाही पाठपरंपरा असते, आणि ती न पाहता केलेले प्रतिरूपण हे अशुद्ध पाठावर रचलेल्या भाष्यासारखे असते. ही परंपरा कशी घडली ह्याचे थोडक्यात विवेचन करण्याचा येथे हेतू आहे.

२

आरंभ शब्दापासून करणे सोयीचे होईल. मराठी 'ऊन' हा शब्द संस्कृत 'उष्ण' ह्यापासून प्राकृत 'उण्ह' ह्या रूपाद्वारे आला. 'उन्हाळा' म्हणजे उष्णकाल. मूळ शब्द उष्णतेचा, परंतु मराठीत तो प्रकाशासाठीही रूढ झाला. 'अंगणात ऊन पडले' ह्या वाक्यात प्रकाश आहे, 'दूध ऊन आहे' ह्यात उष्णता आहे, आणि 'ऊन लागले' ह्यात दोन्ही आहेत. विदर्भाच्या बोलीत 'तपन' हा शब्द चालतो; त्यातही सूर्य आणि ताप एकच आहेत. व्यवहारात ह्या एकरूपतेने काही बिघडत नाही. परंतु गणितात बिघडते, कारण सूर्याचे प्रारण आणि हवेचे तपमान ह्या दोन भिन्न राशी आहेत.

विदर्भात प्रखर उष्मा आहे, म्हणून येथे सौर विद्युत् सर्वांत अधिक निघणार, असा समज अनेक सुशिक्षितांचाही असतो. सौर विद्युत्पटाची क्षमता २५ अंश सेल्सियस तपमानाला ठरविलेली असते. सिलिकॉनच्या पटाचे उत्पादन त्यापुढील दर अंशामागे सुमारे ०·४ टक्क्याने घटते. मे महिन्याच्या दुपारी पटाचे स्वतःचे तपमान ६५ अंशांपर्यंत गेले, तर उत्पादनाचा सुमारे १६ टक्के भाग उष्णतेतच जातो. ज्याला आपण 'कडक ऊन' म्हणतो ते एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. म्हणून प्रतिरूपणाला दोन्ही आकडे स्वतंत्रपणे हवे असतात, आणि इतिहासात ते दोन अगदी निरनिराळ्या वाटांनी आलेले आहेत.

३

हिंदुस्थानात हवामानाची पद्धतशीर नोंद करणारे सरकारी खाते १८७५ साली स्थापन झाले, एच. एफ. ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. ह्या स्थापनेमागे १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ होते. राज्यसंस्था ज्याला भिते किंवा ज्यावर कर बसविते त्याचे मोजमाप करते, हा नियम येथेही दिसून येतो. शेतसारा पावसावर अवलंबून, म्हणून पर्जन्यमापक तहसिलीच्या गावापर्यंत पोहोचला. तापमापक त्याच्यामागून मोजक्या वेधशाळांत गेला. सूर्यप्रकाशावर सारा नव्हता, आणि त्याच्या अभावी दुष्काळही पडत नव्हता. त्यामुळे त्याची नोंद मागे राहिली. भंडाऱ्यासारख्या तलावांच्या आणि धानाच्या जिल्ह्यात पावसाच्या नोंदीची परंपरा दीर्घ असावी आणि प्रारणाची नसावी, ह्याचे कारण हवामानात नव्हे, तर महसुलाच्या व्यवस्थेत आहे.

सूर्यप्रकाश मोजण्याचे पहिले सुलभ साधन म्हणजे कॅम्बेल-स्टोक्स ह्यांचा काचगोल. जॉन फ्रान्सिस कॅम्बेल ह्याने १८५३ साली लाकडी पात्रात गोल ठेवून उन्हाने पडलेला जळका चरा पाहिला. जॉर्ज स्टोक्स ह्याने १८७९ मध्ये त्याला कागदी पट्टीची जोड दिली. गोलातून एकवटलेले किरण पट्टीवर रेघ जाळतात. रेघेची लांबी मोजली की किती तास ऊन होते ते कळते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हा गोल उन्हाचा काळ सांगतो, बळ सांगत नाही. शिवाय पावसाळ्यात पट्टी दमट असली की ती उशिरा जळते, म्हणजे तेवढे ऊन नोंदीतून गळते. ही पोथीतील पहिली लेखनत्रुटी होय.

काळावरून बळ काढण्याची युक्ती स्वीडिश शास्त्रज्ञ अँडर्स ऑंगस्ट्रॉम ह्याने १९२४ साली सुचविली. दिवसाच्या शक्य तासांपैकी किती तास प्रत्यक्ष ऊन पडले ह्या प्रमाणावरून त्या दिवसाचे एकूण प्रारण एका सरळ समीकरणाने काढता येते, असे त्याने दाखविले. १९४० मध्ये प्रेस्कॉट ह्याने त्या समीकरणात वातावरणाबाहेरच्या प्रारणाचा आधार घेतला. हा आधार मोलाचा आहे, कारण तो केवळ ज्योतिर्गणिताने मिळतो. आंबागडच्या सुमारे साडेएकवीस अंश अक्षांशावर गणित केले असता, वातावरणाच्या माथ्यावर २१ जूनला दर चौरस मीटरास सुमारे ११ किलोवॅट-तास आणि २१ डिसेंबरला सुमारे ६·८ किलोवॅट-तास इतके प्रारण येते. ह्या दोन आकड्यांसाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. यंत्र हवे ते त्यांपैकी जमिनीवर किती पोहोचते हे जाणण्यासाठी. आकाश जूनमध्ये सर्वांत उदार असते आणि नेमका तेव्हाच मोसमी ढग मधे येतो, हे विदर्भाच्या उन्हाचे मुख्य वैशिष्ट्य होय.

४

प्रत्यक्ष प्रारण मोजण्याचे जाळे भारतात उभे राहिले ते १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षाच्या निमित्ताने, आणि ह्या कार्याचे केंद्र पुणे होते. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले होते. १९४४ मध्ये ते दिल्लीस गेले, तरी उपकरणांचे काम पुण्यातच राहिले. तेथे ॲना मणी (१९१८–२००१) ह्या विदुषींनी प्रारणमापनाची बाजू सांभाळली. त्रावणकोरातील पीरमेड येथे जन्मलेल्या मणी ह्यांनी चंद्रशेखर वेंकट रामन् ह्यांच्या प्रयोगशाळेत हिरे व माणके ह्यांच्या वर्णपटांवर संशोधन केले होते; परंतु पदव्युत्तर पदवी नाही एवढ्या कारणावरून त्यांना डॉक्टरेट नाकारली गेली. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. परदेशी उपकरणांवर विसंबून न राहता ती येथेच घडवावी, आणि घडविलेले प्रत्येक उपकरण प्रमाणाशी ताडून पाहावे, हा त्यांचा कटाक्ष होता. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, ही शिस्त त्यांच्या साऱ्या कार्यात दिसते. निवृत्तीनंतर १९८० साली त्यांनी भारताच्या सौर प्रारणाचा आधारग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील केंद्रांत नागपूर आहे. आंबागडच्या दृष्टीने हाच सर्वांत जवळचा मूळ पाठ. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील सु. पां. सुखात्मे ह्यांच्या १९८४ च्या सौर ऊर्जेवरील पाठ्यग्रंथाद्वारे हे आकडे विद्यार्थ्यांच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले.

मूळ पाठ हाती आला तरी तो वाचण्यास दोन किल्ल्या लागतात. पहिली मापाची. त्या काळी प्रारण 'लँग्ली'मध्ये, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरास कॅलरीमध्ये देत. ८६ लँग्ली म्हणजे दर चौरस मीटरास एक किलोवॅट-तास. पण माप बदलले एवढेच नव्हे, मापाची मूळ पट्टीही बदलली. १९५६ पूर्वी जगात ऑंगस्ट्रॉमची १९०५ ची आणि स्मिथसोनियन संस्थेची १९१३ ची, अशा दोन पट्ट्या होत्या आणि त्यांत सुमारे साडेतीन टक्क्यांचे अंतर होते. १९५६ साली दोन्हींमध्ये तडजोड करून एक आंतरराष्ट्रीय पट्टी ठरली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिची जागा दावोस येथील जागतिक प्रमाणाने घेतली. नव्या प्रमाणाने तेच ऊन जुन्या पट्टीपेक्षा २·२ टक्क्यांनी अधिक भरते. म्हणून १९५७ चा आकडा आणि २०१५ चा आकडा शेजारी मांडताना ही दुरुस्ती केली नाही, तर ऊन वाढले किंवा कमी झाले असा खोटा निष्कर्ष निघतो.

दुसरी किल्ली घड्याळाची. भारतीय प्रारणनोंदींतील तास हे स्थानिक सौर वेळेचे आहेत, भारतीय प्रमाणवेळेचे नव्हेत. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आंबागड ऐंशी अंशांच्या किंचित पश्चिमेस. म्हणजे सुमारे अकरा मिनिटांचा फरक. त्यात वर्षभर बदलणारे कालसमीकरण मिळविले, तर गडावर सूर्य माध्यान्ही येतो तो फेब्रुवारीच्या मध्यास घड्याळात सुमारे १२ वाजून २५ मिनिटांनी आणि नोव्हेंबरच्या आरंभी १२ ला ५ मिनिटे कमी असताना. तपमानाची नोंद प्रमाणवेळेने आणि प्रारणाची सौर वेळेने, अशा दोन पोथ्या जो एकाच तक्त्यात सरळ शिवतो, तो सकाळच्या उन्हाला दुसऱ्याच क्षणाचे तपमान देतो. दिवसाच्या बेरजेत हा दोष लपतो. तिरप्या पटाच्या तासातासाच्या गणितात तो उघडा पडतो.

५

नागपूरच्या नोंदीतून आडव्या पृष्ठावरील एकूण प्रारण मिळाले, तरी पट तिरपा असतो. त्यासाठी सरळ किरण किती आणि आकाशातून विखरून येणारा प्रकाश किती, हे वेगळे कळावे लागते. हे वाटप करण्याचे गाजलेले सूत्र लिऊ आणि जॉर्डन ह्यांनी १९६० साली मांडले. ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्लू हिल ह्या वेधशाळेच्या नोंदींवर आधारलेले होते. थंड प्रदेशातील एका टेकडीचे आकाश अशा रीतीने जगभरच्या आकाशांचे प्रमाण बनले. व्याकरणाच्या अभ्यासकाला ह्यात परिचित प्रसंग दिसेल: लॅटिनच्या साच्यात मराठीचे व्याकरण बसवू पाहणाऱ्या प्रारंभीच्या पाद्र्यांनी हेच केले होते. मोसमी ढगांखाली आणि उन्हाळ्याच्या धुळीत विखुरलेल्या प्रकाशाचे प्रमाण निराळे असते. १९७९ साली मोदी आणि सुखात्मे ह्यांनी भारतीय नोंदींवरून स्वतंत्र सूत्र दिले, हे म्हणूनच महत्त्वाचे होय. आजही ज्या संगणकीय प्रणालीत जुने सूत्र आपोआप लागू होते, तेथे वापरणाऱ्याने ते कोणते हे पाहणे अवश्य आहे.

६

आता 'वर्ष' ह्या कल्पनेकडे वळू. नोंदी वीस-पंचवीस वर्षांच्या असतात. प्रतिरूपणाला एकच वर्ष हवे असते. कोणते घ्यावे? सर्वांची सरासरी घेणे हा सोपा मार्ग. 'सरासरी' हा फारसीतून आलेला शब्द; एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्व मिळून, हा त्याचा मूळ भाव. परंतु सरासरीत एक मोठा दोष आहे. मराठीत सतत चालणाऱ्या पावसाला 'झड' म्हणतात आणि तिच्या मधल्या विसाव्याला 'उघाड'. पंचवीस वर्षांच्या सरासरीत एकही झड उरत नाही आणि एकही उघाड उरत नाही. जुलैचा प्रत्येक दिवस सारखाच अर्धवट ढगाळ होतो. असे वर्ष कोणत्याही शेतकऱ्याने पाहिलेले नसते. विद्युत्घटात किती दिवसांची वीज साठवावी, टाकी केवढी बांधावी, ह्यांची उत्तरे तर झडीच्या लांबीवरच अवलंबून असतात. शेतकऱ्याच्या भाषेने जे भेद जपले ते सरासरीने पुसले.

ह्यावर तोडगा म्हणून अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेने १९७८ साली निराळी पद्धत सिद्ध केली. दीर्घ काळाच्या वितरणाशी सर्वांत जुळणारा खराखुरा जानेवारी एका सालातून घ्यावयाचा, फेब्रुवारी दुसऱ्या सालातून, आणि असे बारा महिने जोडून एक वर्ष रचावयाचे. निवडीत निम्मे वजन प्रारणाला आणि उरलेले तपमान, दवबिंदू व वारा ह्यांना. सांध्यापाशी काही तासांचे आकडे गुळगुळीत केले जातात. ह्या वर्षाला मराठीत काय म्हणावे? 'नमुनेदार' म्हटले तर उत्तम असा अर्थ होतो, आणि बोलण्यात 'नमुना' म्हणजे विचित्र असाही. 'प्रातिनिधिक वर्ष' हा शब्द त्यातल्या त्यात बरा. त्यातील प्रत्येक महिना खरा आहे, पण ते वर्ष कधीही घडलेले नाही. आपल्याकडील नक्षत्रांचे पंचांग ह्याच जातीचे आहे: मृगाला पाऊस, त्याआधी रोहिणीत नवतप्याचे नऊ दिवस. २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या त्या दिवसांतच आंबागडावर सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि माध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पिढ्यांच्या अनुभवातून रचलेले तेही एक प्रातिनिधिक वर्षच होय. भेद एवढाच की, पंचांग वापरणारा शेतकरी त्यावर पूर्ण विसंबत नाही. तो आभाळही पाहतो.

ह्या वर्षांच्या संचिकांत मोजलेले प्रारण किती असते? अमेरिकेच्या १९६१–९० च्या राष्ट्रीय संग्रहातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रारण मोजलेले नव्हते. ते ढगांच्या व अन्य नोंदींवरून गणिताने काढलेले होते. जेथे यंत्रे सर्वाधिक तेथील ही स्थिती. भारतातील ५८ शहरांची प्रातिनिधिक वर्षे पुढे उपलब्ध झाली. त्यांत नागपूर आहे, भंडारा नाही. गणिताने भरलेला आकडा आणि यंत्राने दिलेला आकडा संचिकेत एकाच ठशात छापलेले दिसतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा प्रक्षिप्त श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटिपांत व परिशिष्टांत, कोणत्या प्रतीत आहेत हे सांगून, वेगळे छापले. त्याच शहरात प्रारणाचे मूळ पाठ लिहिले जात होते. दोन्ही कार्यांची शिस्त एकच: आधार सांगा आणि भर वेगळी दाखवा.

७

गेल्या दोन दशकांत दोन नवे पाठ उपलब्ध झाले आहेत. एक उपग्रहांचा: ढगांच्या तेजस्वितेवरून जमिनीवरचे प्रारण काढून अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने भारताचे दहा किलोमीटरच्या चौकटींचे तासवार तक्ते तयार केले. आंबागडला स्वतःचा म्हणता येईल असा आकडा मिळाला तो प्रथम ह्यातून. परंतु चौकटीत गडाची टेकडी, तिच्या पायथ्याचे जंगल आणि पलीकडची धानाची बांधी ही सारी एकच असतात. दुसरा पाठ भूमीवरचा: जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाल्यावर चेन्नईच्या केंद्राने २०११ साली पहिल्या टप्प्यात ५१ प्रारणमापन स्थानके उभारली, त्यांत सरळ व विखुरलेले प्रारण वेगळे, मिनिटामिनिटाने नोंदले जाते. उपग्रहाचा आकडा ह्या स्थानकांशी ताडून घेणे हेच आजचे पाठसंशोधन होय.

ह्यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००७ साली बारा केंद्रांच्या १९८१–२००४ च्या नोंदी तपासल्या. भारतात जमिनीवर पोहोचणारे प्रारण दर वर्षी दर चौरस मीटरास सरासरी ०·८६ वॅटने घटत असल्याचे त्यांना आढळले. त्या अवधीत ही घट सुमारे वीस वॅट होते. हवेतील सूक्ष्मकण आणि ढग ही त्याची मुख्य कारणे मानली जातात. म्हणजे जुन्या नोंदींतून रचलेले प्रातिनिधिक वर्ष नव्या काळाचे प्रतिनिधी राहीलच असे नाही. मणी ह्यांच्या पिढीने उपकरणे काटेकोर ताडली नसती, तर ही घट खरी की यंत्राचा दोष, हे ठरविताच आले नसते. मोजण्याच्या शिस्तीचे फळ असे अर्धशतकानंतर हाती येते.

८

हा सारा ऊहापोह केवळ तात्त्विक नाही. धुळे जिल्ह्यात साक्री येथे २०१३ साली उभा राहिलेला १२५ मेगावॅटचा प्रकल्प असो की २०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील लहान प्रकल्प असो, कर्ज, दर आणि जमीन ह्यांचे निर्णय ह्याच ओळींवर होतात. मोठ्या प्रकल्पाला चूक पचविण्याची शक्ती असते. त्याचा सावकार दहा वर्षांत नऊ वेळा तरी मिळेल असाच सावध आकडा मागतो. एका पंपाच्या शेतकऱ्यासाठी असा हिशेब कोणी करीत नाही. त्याच्या वाट्याला येते ते नागपूरहून उसने आणलेले किंवा उपग्रहाच्या चौकटीतून काढलेले वर्ष, आणि त्यातील चार टक्क्यांची चूक फेब्रुवारी-मार्चमध्ये, धानाला पाणी हवे असते तेव्हा, बांधीत दिसते.

म्हणून विद्यार्थ्यांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रतिरूपणात वापरलेल्या प्रत्येक संचिकेबरोबर तिचा काळ, मापाची पट्टी आणि घड्याळ कोणते हे प्रबंधात लिहावे. मोजलेले आणि गणिताने भरलेले आकडे वेगळे दाखवावे. आणि ज्या गावासाठी गणित करावयाचे तेथे, एखाद्या शाळेच्या गच्चीवर का होईना, ताडून घेतलेला एक प्रारणमापक किमान एक वर्ष ठेवावा. एका वर्षाची स्थानिक नोंद पंचवीस वर्षांच्या उसन्या नोंदीला जागेवर आणू शकते. आंबागडच्या परिसरातील एखाद्या महाविद्यालयाने हे काम अंगावर घेतले, तर तीनशे वर्षांच्या त्या किल्ल्याच्या उन्हाचा पहिला मूळ पाठ तयार होईल.